दाजींचं क्लोरीन

मेहुणा दारात आला तर माणूस काय विचारतो? कधी निघाला, जेवलात का, घरची बरी आहेत का. आमचे दाजी विचारतात, "डोस्क्याला त्याल लावलंय का?"

लावलेलं असतं. मेढ्याहून सांगलीला येताना मी काय डोकं कोरडं ठेवून येऊ? मग माझी पिशवी ओट्यावर राहते आणि मला आधी न्हाणीघरात पाठवलं जातं. साबण लावून, डोकं धुऊन बाहेर आलो की दाजी मला पोहायची परवानगी देतात. म्हणजे आंघोळीसाठी आंघोळ करायची. बरं, माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, हा नवरा आम्हीच बघून दिलाय, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करणार?

विश्रामबागेत बंगल्यामागं दाजींनी पोहायचा तलाव बांधलाय. तलाव आपला म्हणायचा. आमच्या दोन म्हशी त्यात बसल्या तर तिसरीला शेपूट हलवता येणार नाही. जन्मभर पंपदुरुस्तीचं दुकान चालवलं, ते मुलाच्या हाती दिलं, आणि आता दिवसभर हा एवढासा हौद आणि त्यातलं क्लोरीन. सकाळ-संध्याकाळ काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि उजेडात धरून बघायचं. फिकट पिवळं आलं तर क्लोरीन बेतात, गडद आलं तर जास्त, रंगच आला नाही तर कुणीतरी खाल्लं. हो, खाल्लं. दाजींच्या मते सगळं जग त्यांचं क्लोरीन खायला टपलंय. ऊन खातं, घाम खातो, आंब्याचा पाला खातो. "पाव्हणं, तुमचं डोस्कं माझं क्लोरीन खातंय," हे मी माझ्या बायकोसमोर ऐकून घेतलंय.

आम्ही विहिरीत उड्या मारून वाढलो. त्या पाण्यात बेडूक होते, एक कासव होतं, त्यांना कुणी डोकं धुऊन या म्हणालं नाही. हे मी बोललो की दाजी म्हणणार, "तुमच्याकडं पाणी लय. तुमाला काय त्याचं." दाजी जतचे, टँकरची वाट बघत मोठे झालेले. ते मला कळतं. पण म्हणून पाहुण्याला भांड्यासारखं घासून घ्यायचं का?

आणि एवढं करून हे स्वतः कधी पाण्यात उतरत नाहीत. त्यांची आई, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, नव्वदीला टेकलेल्या. त्याही उतरत नाहीत, काठावर खुर्ची टाकून पाण्याकडं बघत बसतात. मग हे पाणी नक्की कुणासाठी जपताय, असं मी कितीदा विचारलं. दाजी नळीकडं बघत राहतात.

माझ्या रोहितचं लग्न ठरलं. कार्यालय सांगलीत, म्हणून हळद त्याच्या आत्याच्या, म्हणजे अक्काच्या दारात ठेवली. हळद लागली, आणि पोरांनी नवरदेवाला उचलून हळदीतेलासकट हौदात टाकला. मागोमाग सगळी पोरं उतरली. सगळे हसत होते, मीही हसलो. दाजींनी नळी भरली, थेंब टाकले आणि माझ्या नाकासमोर धरली. "आता ह्यात काय बघू? पाणीच पिवळं. क्लोरीन किती आन् हळद किती, तुमीच सांगा."

मी म्हणालो, "आवं दाजी, एवढं काय त्यात. पाणी सोडून द्या. मी उद्या टँकर मागवतो."

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या घरात चोरी केलीय. "सोडून द्या म्हणं," एवढंच बोलले आणि पाणी गाळायचा पंप चालू करायला गेले.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, पण आत्याच्या नवऱ्याचा पत्ता नाही. विहीणबाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा खोटं बोललो. पहिली पंगत उठल्यावर दाजी आले, फेट्याला दवाखान्याचा वास. माझ्या हातात आहेर ठेवला आणि म्हणाले, "हळद गेली. पर क्लोरीन जास्त झालं." माझ्या मुलाच्या लग्नात मला ही खबर.

सत्यनारायण आटोपला आणि दाजींना चार शब्द सुनवायचेच म्हणून मी सांगली गाठली. डोक्याला मुद्दाम चप्प तेल लावलं होतं. दारात कुणी नव्हतं. आवाज मागून येत होता, म्हणून तिकडं गेलो.

हौदाभोवती दोरी बांधली होती आणि दोरीला धरून मावशी उभ्या होत्या. "एवढं पाणी डोळ्याम्होरं, आन् पिऊ नगं म्हणतोस? रोहितचं लगीन झाल्यापास्नं घोट न्हाई ह्यातला."

"आई, पाणी आजारी हाय," दाजी त्यांची समजूत काढत होते. "ऊन लागू दे त्याला. बरं झालं की देतो."

अक्का मागच्या दारात उभी होती, तिला मी विचारलं, "मावशी हे पितात?"

"रोज सकाळी एक ओंजळ," अक्का हळूच म्हणाली. "माठातलं दिलं तर म्हणतात, ते ठेवा, लागंल. जन्मभर लांबनं घागरी आणल्या, त्यांना दारातलं पाणी पिऊ नका हे पटंना. यांनी लय समजावलं, दाराला कडी लावली, तर जेवायच्या न्हाईत. एकदा हौद धुवायला पाणी सोडलं, तर त्या पाण्याबरोबर गटारापर्यंत चालत गेल्या. तवापास्नं यांनी पाणी सोडलं न्हाई. त्यांनी पिलं तरी बाधू नये, असं राखत्यात. लोक हसतील म्हणून कुणाला सांगत न्हाईत."

दाजींनी नळी उन्हात धरली. फिकट पिवळं. त्यांनी दोरी सोडली, आईच्या कमरेला हात घातला आणि त्यांना पायरीवर बसवलं. मावशींनी ओंजळ भरून घेतली, प्यायल्या, ओले हात डोळ्यांना लावले. मग मी दिसलो तशा दाजींवर करवादल्या. "आरं, पाव्हणा उभा हाय. त्याला पाणी इचारलंस का?"

माझे चार शब्द कुठं गेले कोण जाणे. मी पायरीवर बसलो आणि ओंजळ पुढं केली. दाजींनी माझं मनगट धरलं.

"पाव्हणं, आधी हात धुवा."

मी न्हाणीघरात गेलो. साबणानं हात धुतले, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी डोकंही धुतलं.