गाईच्या टेकूवरचं ग्राफिक्स कार्ड

जो माणूस लग्नाच्या मांडवात उभ्या उभ्या नवरीच्या मावशीवर गाणं रचतो, त्याला कॉम्प्युटरचं एक ग्राफिक्स कार्ड बदलता येणार नाही? छे! चार स्क्रू काढायचे, जुनं उपटायचं, नवं खोचायचं. पडवळाला मांडव घालण्याइतकं सोपं!

हे मी माझ्या मेव्हण्याला, ऑस्टिनला, छाती फुगवून सांगितलं. तो राहतो गासला, मी वसईत. रोज संध्याकाळी आम्ही दोघं आपापल्या घरून, कॉम्प्युटरवर, एकाच टोळीतून लढाई खेळतो. पण माझा कॉम्प्युटर म्हणजे बिस्किटांच्या डब्याएवढा. लढाई रंगात आली की त्याला धाप लागायची. शत्रू मला गोळी घालून, घरी जाऊन, जेवायला बसला तरी माझ्या पडद्यावर तो अजून बंदूकच उचलत असायचा!

एकच अडचण होती. नाताळ तोंडावर आला होता, आणि गावातल्या गव्हाणी स्पर्धेसाठी यंदा गव्हाणी बांधायचं मी लुईझाला कबूल केलं होतं. लुईझा म्हणजे माझी बायको. ख्रिस्तजन्माचा देखावा ती दरवर्षी जीव ओतून सजवते, आणि कप दरवर्षी जातो शेजारच्या सालोमीकडे. गेल्या वर्षी सालोमीने चक्क वाहती नदी केली होती. लुईझा त्या दिवशी जेवली नव्हती.

"या वर्षी कप आपला!" मी तिला सांगितलं होतं. आणि नाताळाआधीचा आगमनकाळ सगळा कार्डांचे फोटो बघण्यात घालवला.

मोजमाप मात्र पक्कं केलं हं! डब्याची आतली लांबी भरली दीड वीत. लगेच नालासोपाऱ्याच्या दुकानात प्रितेशला फोन लावला.

"प्रितेश, ते मोठं कार्ड किती वीत आहे रे?"

"वीत? अंकल, मिलिमीटरमध्ये सांगतो ना!"

"हाताने मोज! आमच्या आजोबांनी अख्खी केळीची वाडी हाताने मोजली!"

"दीड वीतला थोडं कमीच आहे, अंकल."

"घेऊन ये!"

प्रितेशला मी तोवर पाहिलं नव्हतं. तो आला तेव्हा दारातून वाकून आत शिरला. व्हॉलीबॉल खेळतो म्हणे. पंजा म्हणजे केळीचं पान!

कार्ड डब्याबाहेर चांगलं चार बोटं राहिलं. माझी चार. त्याची दोन.

"मोठा कॅबिनेट लागेल, अंकल," तो म्हणाला. "पण आता नाताळनंतरच मिळेल." आणि परत वाकून निघून गेला.

पण संध्याकाळी ऑस्टिन वाट बघणार! मी माळ्यावरून चिकूची रिकामी लाकडी पेटी काढली, आडवी ठेवली आणि डब्यातला सगळा संसार सोडवून तिच्यात मांडला. मदरबोर्ड मागच्या फळीला टेकून उभा, आणि त्यातून फळीसारखं पुढे आलेलं कार्ड. पण ते इतकं जड, की शेंगांनी लगडलेल्या शेवग्यासारखं खाली झुकायला लागलं. टेकू हवा! समोरच गव्हाणीच्या मूर्तींचं खोकं होतं. मेंढरू बुटकं पडलं, जोसेफ उंच. गाय मात्र जणू याच कामासाठी घडवलेली! पंख्यांना शिंगं लागणार नाहीत अशी तिला कार्डाच्या कडेखाली उभी केली आणि बटन दाबलं.

लाल, निळा, जांभळा उजेड पेटीभर सांडला. पंखे गरगरले. आणि दारात लुईझा! गायनमंडळाची तालीम आटोपून आलेली.

"मायकल!"

मी डोळे मिटून घेतले.

"मायकल... तू गव्हाणी बांधलीस?"

मी एक डोळा उघडला. तिचे दोन्ही भरून आले होते.

"आणि मी मेली तुला कामचुकार म्हणत होते! हे छप्पर, हे दिवे, ही गाय! पण हा गरम वारा कुठून येतो रे?"

"गाईचा श्वास," मी म्हणालो. गाणी बांधणाऱ्या माणसाचं तोंड असंच, आधी बोलतं!

लुईझा तिथेच गुडघ्यांवर बसली आणि गुणगुणू लागली:

गाय घाली फुंकर, गाढव देई ऊब,
पेंढ्याच्या गादीवर बाळ निजलंय खूप.

लग्नानंतरच्या आमच्या पहिल्या नाताळला मीच रचलेलं हे गाणं. आता खरं सांगू तर कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या दिवसापासून तिने गव्हाणी सजवायला घेतली. पेंढा आला. "आगीचं भ्या आहे गं!" म्हणून मी तो कसाबसा पेटीच्या बाहेर पसरायला लावला. बाळ येशू थेट कार्डावर निजला. मॉनिटर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यावर निळी ओढणी पडली. हे आकाश! मला ताप आल्याचं मी ऑस्टिनला कळवलं.

परीक्षणाच्या संध्याकाळी फादर गॅब्रिएल आले. मागोमाग 'सहज बघायला' सालोमी.

"मायकल!" लुईझा माझ्या कानात कुजबुजली. "गाईचा श्वास बंद पडला!"

पडणारच! काम नसलं की हे पंखे सरकारी बाबूंसारखे स्वस्थ बसतात. मी गुपचूप आकाशाखाली शिरलो आणि खेळ सुरू केला. पंखे फिरले, ऊब आली. फादर कौतुकाने खाली वाकले.

धाड धाड धाड!

फादर दोन पावलं मागे! पेंढ्याखालच्या स्पीकरमधून आवाज गरजला, "शोधा त्याला! एकही घर सोडू नका!"

ऑस्टिन! मी खेळात उतरलेला त्याला दिसला होता.

"हेरोद राजाचे शिपाई, फादर!" मी आकाशातून ओरडलो. "बाळाला शोधताहेत!"

"अरे वा!" फादर सावरले. "गव्हाणीत हेरोद कुणी आणला नव्हता हं आजवर!"

"भावोजी!" शिपाई ओरडला. "ताप उतरला काय? लपलात कुठे? बंदूक घ्या!"

घरात अशी शांतता, की गाईचा श्वास स्पष्ट ऐकू यावा.

"हेरोदाचा शिपाई भावोजी कुणाला म्हणतो गं?" सालोमीने गोड आवाजात विचारलं.

लुईझाने ओढणीखालून डोकावणाऱ्या माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग कार्डाकडे. मग गाईकडे. सख्ख्या भावाचा आवाज ती ओळखणार नाही?

"जोसेफला," ती शांतपणे म्हणाली.

"म्हणजे मरियेचा भाऊ हेरोदाकडे चाकरीला?"

"असतो गं एखाद्या बाईचा भाऊ तसला! आणि नवरा तर त्याहून!"

फादर पोट धरून हसले. कप आमच्याकडे आला!

सगळे गेल्यावर मी हळूच पेटीकडे हात नेला.

"खबरदार!" लुईझा कप पुसत म्हणाली. "तीन राजांच्या सणापर्यंत गव्हाणी मोडायची नसते. आणि पुढच्या वर्षी याहून लांब कार्ड आण. उंट बाहेर राहिले!"

आता रोज संध्याकाळी अख्खा गाव गव्हाणी बघायला येतो, आणि जी बाई मला खेळताना बघून वैतागायची तीच ओरडते, "बाळ गार पडलं! जा, खेळ!" मग मी आकाशाखाली गुडघ्यांवर बसून, आवाज बंद करून लढतो. मेलो की तोंडून निघतं, "अरे देवा!" आणि मी फार मरतो हो!

ते ऐकून सालोमीने फादरना सांगितलं, की मायकल गव्हाणीमागे तास तास प्रार्थना करतो. फादर गहिवरले. ईस्टरआधीच्या उपवासकाळात गावाची रोजची जपमाळ सांगायला त्यांनी मला नेमलंय. वेळ संध्याकाळची. गुडघ्यांना सवय आहेच, म्हणाले!