चहाला नावं कोण ठेवणार?

गोदावरी दहावीत होती, आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपल्याला येतात याबद्दल तिला हल्ली शंकाच उरली नव्हती. त्यात मुकुंदवाडीच्या आरोग्य मंडळाचे त्रिंबक सर तिला म्हणाले, "उद्याचं भाषण तू करायचं." मग तर काय! चार पानं लिहून तयार.

प्रश्न सरूबाईचा होता. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा एड्सनं गेला, तिच्याही रक्तात एचआयव्ही निघाला आणि स्टेशनाजवळची तिची चहाची टपरी ओस पडली. कंपनीत जाणारे कामगार टपरी दिसली की रस्ता बदलायचे. "या हप्त्यात गिऱ्हाईक आलं नाय, तर टपरी मोडून भावाकडं कन्नडला जाते," असं तिनं सांगून टाकलं होतं.

म्हणून सरांनी बेत केला. नुसतं बोलायचं नाही, सगळ्यांसमोर तिच्या हातचा चहा पिऊन दाखवायचा.

नेमकं नामांतराच्या वादावरून त्या दिवशी शहर बंद. कंपनीच्या बसगाड्या आल्याच नाहीत, कामगार रिकामेच. बोलावली होती वीस माणसं, जमली सत्तर. सरूबाईची साखर संपली, आणि गुलमंडीपासून मुकुंदवाडीपर्यंत एक दुकान उघडं नव्हतं.

"थांबा मावशी, मी आणते!"

गोदावरी घरी धावली, फळीवरचा साखरेचा डबा उचलून तशीच परत आली. घाईघाईत सरूबाईनं तो पातेल्यात उपडा केला.

पहिला कप अर्थातच गोदावरीचा. एक घोट घेतला मात्र, तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मीठ! दूध फाटलं नाही हेच नवल. सत्तर माणसं तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. जरा जरी तोंड वाकडं झालं असतं, तरी सरूबाई कन्नडच्या गाडीत बसलीच असती.

"वा! काय चहा आहे!" तिनं कप रिकामा केला.

"आवडला? अजून घे की पोरी," सरूबाईनं पुन्हा काठोकाठ भरला.

मग सरांनी घेतला. त्यांच्या मिशा थरथरल्या. "उत्तम," ते कसेबसे म्हणाले.

"कसाय, सर?" कंपनीतल्या कडूबानं विचारलं.

"जरा… वेगळा आहे. का रे, भितोस काय?"

"भ्यायला काय झालं?" कडूबानं एका दमात संपवला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "लई भारी. घे, का भितोस?"

आता घाबरट कोण ठरणार? कप फिरत राहिले. सगळे पीत होते, सगळे मान डोलावत होते, मिठाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

तेवढ्यात गोदावरीच्या घरीच राहणारी तिची आत्या मनकर्णाबाई आली. तिनं उभ्याउभ्याच घोट घेतला आणि थुंकला.

"सरू! चहात मीठ? डोस्कं जाग्यावर हाय का तुझं?"

सरांनी डोळेच मिटून घेतले.

सरूबाई सांडशी हातात घेऊन उभी राहिली. दोन वर्षांत जे कुणी तिच्याशी बोललं, ते दुखवट्याला आल्यासारखं हळूच. भांडलं कुणीच नव्हतं. तिनं पदर खोचला.

"माझ्यावर काय वरडता? साखर तुमच्या भाचीनं आणली! इचारा तिलाच!"

"मी साखरेचाच डबा आणला," गोदावरी म्हणाली. "फळीवरचा."

"निळ्या झाकणाचा?" आत्याचा आवाज एकदम खाली आला.

"हो."

"…त्यात कालच मी मीठ भरलं."

"आरं देवा! मग मी दोन कप कशापायी ढोसले?" कडूबा ओरडला.

"आन् मला भारी म्हणलास व्हय रं?" शेजाऱ्यानं त्याची कॉलर धरली. हसता हसता सगळेच एकमेकांवर तुटून पडले. गोदावरीची चार पानं खिशातच राहिली.

"सरू, पातेलं घास अन् दूध चढव," आत्या निघाली. "शेजारून साखर मागून आणते."

"आणा. पण वाटंत चाखून बघा."

"मला पहिला टाक गं," कडूबानं कप पुढं केला. "तोंड पार खारट झालंय."

"रांगेत थांब," सरूबाई म्हणाली. "गर्दी दिसत नाय का?"