दुखणाऱ्याला गोळी नाही

देश नशामुक्त करायचं सरकारनं ठरवलं आणि पहिली कुऱ्हाड पडली ती आक्कांच्या नवऱ्याच्या दुखणं थांबवणाऱ्या गोळीवर. म्हाताऱ्याच्या हाडांत कर्करोग पसरलेला. त्या एका गोळीच्या जोरावर तो उठून बसायचा, दोन घास खायचा. औषधवाल्यानं हात जोडले.

"आक्का, बंदी आलीय. नशेखोर खातात ना."

"आमचा काय हौसेनं खातो?"

"मागच्या गल्लीत मिळते. तिथं बंदी अजून पोचलेली नाही."

आक्का शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण चोरट्या गल्लीतही कधी शिरल्या नव्हत्या. पदर खोचून त्या थेट नशाबंदी कार्यालयात गेल्या. साहेब तंबाखू मळत होते.

"पेशंट की व्यसनी?"

"पेशंट."

"मग अवघड आहे, बाई. पेशंटला गोळी म्हणजे व्यसनाला उत्तेजन. व्यसनी असते तर व्यसनमुक्ती केंद्रातून रोज मिळाली असती. सुधारण्यासाठी."

"मग लिहा व्यसनी! जन्मात सुपारी खाल्ली नाही मेल्यानं, शेवटी तरी नाव काढू दे."

गोळी सुरू झाली. म्हातारा हसून जेवू लागला. शेजारणीनं तोंड फिरवलं. "शोभतं का या वयात?"

"तुझं तोंड फिरू दे, त्याची मान फिरतेय तेवढं पुरे," आक्का म्हणाल्या.

पण म्हातारा हसतो, जेवतो, हे साहेबांच्याही कानी गेलं. त्यांनी त्याला 'संपूर्ण सुधारलेला' जाहीर केलं. सत्कार झाला, फोटो निघाले. आणि सुधारलेल्या माणसाला गोळी कशाला? बंद! गळ्यातला हार सुकायच्या आत म्हातारा कण्हू लागला.

"साहेब, आमचा माणूस पुन्हा बिघडला."

"अहो, त्यांचा फोटो मंत्र्यांकडे गेलाय! आता त्यांना बिघडता येणार नाही. घरात दुसरं कुणी व्यसनी आहे का?"

आक्कांनी क्षणभर भिंतीवरचा नशामुक्तीचा फलक पाहिला. वाचता येत नव्हता ते बरंच झालं.

"मी आहे की. कट्टर."

आक्कांच्या नावावर म्हातारा पुन्हा जेवू लागला. मग शेजारणीची कंबर धरली. तीही खाली मान घालून व्यसनी झाली. तिच्यामागून अख्खी गल्ली. व्यसनी एवढे वाढलेले पाहून सरकार हादरलं आणि त्यानं बंदी आणखी कडक केली.

आता केंद्रापुढची रांग कोपऱ्यापर्यंत जाते. जाता-येता तुम्ही नाक मुरडता, हे आक्का बघतात. मुरडा खुशाल. उद्या तुमच्या घरात कुणी कण्हू लागलं की इथंच याल. आक्का सरकून जागा देतील. फक्त एवढं विचारतील, "घरातल्या कुणाला व्यसनी करायचं ठरवलंत?"