चाळिसावा उल्लेख

बडोद्यातल्या आमच्या विद्यापीठात कुणाच्या संशोधनाचा किती प्रभाव पडला हे ठरवणारी एक समिती आहे आणि मी तिचा सचिव आहे. प्रभाव मोजायची आमची रीत सोपी आहे. आपल्या लेखाचा दुसऱ्याच्या लेखात उल्लेख झाला की तो धरायचा. मार्चअखेर असे चाळीस भरले नाहीत, तर नोकरी कायम होत नाही.

डॉ. निरुपमा घोरपडे आमच्याकडे आरोग्य-मानसशास्त्र शिकवतात. चार वर्षं त्या रोज संध्याकाळी प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्याबाहेर, सायकल स्टँडपाशी उभ्या राहायच्या आणि सुटणाऱ्या कामगारांना विचारायच्या, रक्तदाबाची गोळी घेतली का? विचारून उत्तरासाठी थांबायच्याही. बासष्टपैकी अठ्ठावन्न जणांचा रक्तदाब ताळ्यावर आला. त्यावरचा त्यांचा लेख चांगल्या नियतकालिकात छापून आला. त्याचे उल्लेख झाले तीन, त्यातले दोन त्यांनीच केलेले.

पुरावा म्हणून बाईंनी वसंतराव नावाच्या फिटरला समितीपुढे आणलं. अध्यक्ष विश्वासरावांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आपण लेख लिहिता?"

"नाही साहेब. पण बेन रोज पूछतात, म्हणून गोळी चुकत नाही. आता डोकं भणभणत नाही."

विश्वासराव बाईंकडे वळले. "बरी झालेली माणसं कुठे काही लिहीत नाहीत हो. समितीने त्यांचं करायचं काय?"

मी इतिवृत्तात 'चहापान झाले' अशी नोंद केली.

विश्वासराव तसे भले गृहस्थ. मार्गही त्यांनीच दाखवला. आमच्याकडे उल्लेखांची भिशी चालते. विश्वामित्री नदीतल्या मगरींवर लिहिणारे विहंग दिवाण यांनी मगरींच्या लेखात बाईंच्या रक्तदाबाचा उल्लेख केला. मग परतफेड म्हणून बाईंना कामगारांच्या ताणतणावावरच्या लेखात मगरी घालाव्या लागल्या. प्राचीन नाण्यांचे अभ्यासक आले, कापूसवाले आले. कुणालाच नाही म्हणता येईना. भिशीची बैठक रोज संध्याकाळी अकोटा भागात विश्वासरावांच्या घरी भरे, त्यामुळे सायकल स्टँडवर जाणं बंद पडलं. डिसेंबरात उल्लेख एकोणचाळीस झाले. बाईंना स्वतःला रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

चाळिसावा काही केल्या मिळेना. भिशीतली सगळी नावं संपली होती.

जानेवारीत वसंतरावांना अर्धांगवायूचा झटका आला. तीन महिने गोळी घेतलीच नव्हती. का नाही घेतली, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, कोणी पूछलंच नाही. डॉक्टर तरुण आणि उत्साही होते. त्यांनी लगेच लेख लिहिला: विचारणं थांबलं की गोळी थांबते, सबब डॉ. घोरपडे यांचा निष्कर्ष शंभर टक्के खरा. लेख फेब्रुवारीत छापून आला. चाळीस भरले.

मला वाईट वाटलं. पण आमच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

बाईंच्या सत्काराला वसंतरावांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. चाळिसावा उल्लेख त्यांच्यामुळे झाला होता, तेव्हा पुष्पगुच्छ त्यांच्याच हस्ते द्यावा असं ठरलं होतं. त्यांचा उजवा हात उचलत नव्हता, म्हणून तो मीच धरून पुढे केला. बाईंनी गुच्छ घेतला. वसंतरावांनी त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि अडखळत विचारलं, "बेन, गोळी घेतली ने?"

उत्तर ऐकायला ते थांबले. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं आणि त्या व्यासपीठावरच हमसून हमसून रडल्या. विश्वासराव माझ्या कानाशी म्हणाले, वेळ होतोय. मी 'सत्कारमूर्ती भारावून गेल्या' अशी नोंद केली आणि आभारप्रदर्शनाला उभा राहिलो.

बाईंचा प्रभाव आता सिद्ध झाला आहे. नोकरी कायम आहे. सायकल स्टँडवर जायला मात्र वेळ नाही, कारण कायम झालेल्यांना भिशी चालवावी लागते.

आपण इथवर वाचलंत, याबद्दल समिती आभारी आहे. वाचन धरलं जात नाही, तेव्हा कुठे लिहिलंत तर उल्लेख तेवढा करा. आपल्या घरातही कुणाची तरी गोळी चालू असेलच. त्यांना शेवटचं कधी विचारलंत, ते आठवत बसू नका. त्याचा आम्हाला उपयोग नाही. पुढे त्यांना काही झालं, तर मात्र अवश्य कळवा.