संस्कृती नावाचं फोल्डर

जुनं मोडीत काढल्याशिवाय त्यात काय होतं ते कळत नाही, हा प्रगतीचा पहिला नियम आहे. आमच्या हंगामी वसतिगृह समितीला तो यंदा दिवाळीआधी पटला. मी समितीचा सचिव, त्यामुळे जरा लवकर पटला.

समितीचं काम एवढंच: आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरं शाळेपाशी ठेवायची. त्यांची यादी काढणारा प्रोग्राम रामप्रसादभाऊंनी पंधरा वर्षांपूर्वी लिहिला. भाऊ निवृत्त झाले, कॉम्प्युटरही थकला, म्हणून आम्ही नवा कॉम्प्युटर आणि प्रोग्रामची नवी आवृत्ती घेतली. नारळ फोडला. (थोडं पाणी कीबोर्डवर सांडलं, ते शुभ असतं.) बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'कोणापाशी' हे मॉड्यूल सापडत नाही.

मॉड्यूल म्हणजे प्रोग्रामचा तुकडा. हा तुकडा एकच विचारायचा, आईबाप गेल्यावर लेकरू गावात कोणापाशी राहणार? कोणापाशीच नाही, तर नाव यादीत.

आम्ही काही हातावर हात धरून बसलो नाही. कॉम्प्युटर अकरा वेळा बंद-चालू केला, वायर काढून फुंकून लावली, अध्यक्ष बबनरावांनी मॉनिटरला दोन समजुतीच्या थापा मारल्या. (सुधारणा शून्य टक्के, उत्साह शंभर.) शेवटी ऑपरेटर सुरजनं युक्ती काढली. तुकडा सापडत नाही ना? मग त्याच नावाची कोरी फाईल करून ठेवू! ठेवली. तक्रार गायब. 'यादी यशस्वी' अशी हिरवी अक्षरं आली. यादीत नावं शून्य. म्हणजे आख्ख्या तालुक्यात एकही लेकरू एकटं राहणार नव्हतं. एका दुपारीत एवढा विकास मी जन्मात पाहिला नाही. पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.

तेवढ्यात धारूरकडच्या जानकीबाई आल्या, सोबत सातवीतली त्यांची तेजश्री. तोडीवर नेणारा मुकादमाचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता.

"सायेब, पोरीचं नाव कावून न्हाई?"

"यादी यशस्वी आहे, बाई," मी म्हणालो.

"यादी आसल यशस्वी. पोरगी हितं उभी हाय की! फडात न्यायची का तिला पाचट गोळा करायला? लई हुशार हाय ओ ती. रामप्रसादभाऊला इचारलं का तुमी?"

हे कोणालाच सुचलं नव्हतं. (मार्गदर्शिकेत ती पायरी नाही.) फोन लावला.

भाऊ म्हणाले, "आरं, ते संस्कृतीच्या फोल्डरमदी हाय. लेकीचं नाव दिलतं मी."

ते फोल्डर आम्ही त्यांचं घरगुती समजून अदबीनं मागं सोडलं होतं. जुना कॉम्प्युटर पाण्याच्या माठाखाली होता. माठ उतरवला, फोल्डर आणलं, बटण दाबलं. एकशे चाळीस नावं! तेजश्री बाविसावी. जानकीबाई रडल्या आणि त्याच दमात त्यांनी आम्हाला शिव्या घातल्या. दोन्ही रास्त होतं.

अहवालात लिहिलं: नवी आवृत्ती पूर्ण यशस्वी. माठ परत जागेवर ठेवला.

तुम्ही हसताय. हसा बापडे. पण मागच्या खेपेला 'अर्ज यशस्वी' असं हिरवं दिसल्याबरोबर तुम्हीही उठून चहाला गेलात ना? आत तुमचं नाव होतं का, ते बघितलंत?