कुत्रा कसा धरावा

प्राणी धरण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! बोका आणा, ससा आणा, खवळलेला कुत्रा आणा. मी हात लावला की गपगार!

(आत्या मागून वाचतेय. म्हणते, "बोक्यानं तुझी बाही फाडली ते लिही की!" लिहिलं, आत्या. झालं समाधान?)

तर. पशुवैद्यकीय तंत्रज्ञ व्हायचं माझं शिक्षण संपत आलं होतं. उरली होती एकच प्रात्यक्षिक परीक्षा. डॉक्टर रक्त काढणार, मी कुत्रा धरणार आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बघणार. पास झाले तर याच दवाखान्यात कायमची नोकरी. नापास झाले तर काकांच्या दुकानात पडद्याचं कापड मोजायचं!

पद्धत सोपी आहे. एक हात हनुवटीखालून मानेभोवती, दुसरा छातीवरून, आणि प्राणी आपल्या अंगाशी घट्ट. तोंडानं सतत लाडीगोडी. आणि डॉक्टर 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचं नाही, आभाळ कोसळलं तरी! हे सगळं मी महिनाभर दादावर घोटलं. दादा चहा पीत असो, दाढी करत असो, मागून झडप!

(आत्या: "दाढीच्या वेळचं सविस्तर लिही." नको गं. दादाच्या गालावरची खपली आत्ताच पडलीय.)

परीक्षेचा दिवस. टेबलावर टिल्लू. वीतभर कुत्रा, बटणासारखे डोळे. सोबत त्याचा मालक. हा व्यायामशाळा चालवतो. दंड असे की दारातून तिरका होऊन आत आला.

"दुखणार नाही ना हो?" मालकानं विचारलं.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल," डॉक्टर म्हणाले.

"पण मुंगी तरी का चावावी त्याला?"

मी टिल्लूला धरलं. झकास! डॉक्टरांनी सुई टोचली. टिल्लू ढिम्म. रक्त सिरिंजमध्ये चढलं आणि मालकाच्या चेहऱ्यावरून उतरलं. त्याचे डोळे फिरले, गुडघे दुमडले आणि कपाट कलंडावं तसा तो थेट माझ्याकडे कलंडला!

आता तुम्हीच सांगा, विचार करायला वेळ होता का? माझ्या हातांना एकच गोष्ट येत होती. हातांनी ती केली. टिल्लू सुटला, मालक धरला गेला. एक हात हनुवटीखाली, दुसरा छातीवर, अंगाशी घट्ट. आणि तोंड तर आपोआप सुरूच! "शाब्बास माझा राजा! काही नाही झालं, काही नाही! शहाणं बाळ कोण?"

मालकानं डोळे उघडले.

"मी," तो म्हणाला.

मग भानावर आला. "अहो ताई, सोडा मला!"

"डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही!"

डॉक्टर कसले सांगतात! ते सिरिंज उंच धरून टेबलाखाली रांगत होते, टिल्लूच्या मागे. टिल्लूची समजूत अशी की मालकावर हल्ला झालाय. तो माझ्या पँटला दातांनी लोंबकळत होता. गोंधळ ऐकून बाहेरच्या टेबलावरच्या स्वागतिका बाई धावत आल्या. त्यांनी पाहिलं, डॉक्टर जमिनीवर, आडदांड माणूस माझ्या मिठीत. त्यांना वाटलं, यानंच डॉक्टरांना आडवं केलं!

"घट्ट धर गं! आले मी!" म्हणत त्यांनी मालकाचे दोन्ही पाय कवटाळले.

"बायांनो, माझं नव्हतं रक्त काढायचं!" मालक रडकुंडीला आला.

मी त्याच्या कानामागे खाजवलं. तो शांत झाला. खरंच झाला, शपथ!

शेवटी टेबलाखालून डॉक्टर ओरडले, "सोडा त्याला!"

आम्ही दोघींनी एकदम सोडला. दणका असा बसला की कोपऱ्यातल्या वजनकाट्यानं आपणहून आकडा दाखवला!

परीक्षक बाईंनी सावकाश पेनाला टोपण लावलं.

"पकड उत्तम. आवाज गोड. रुग्ण पूर्ण ताब्यात."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मी पास?"

"पुढच्या वेळी," बाई उठत म्हणाल्या, "कुत्र्यावर करून दाखवा."