यमू भेकरीचं फडकं

एका जंगलात प्लॅस्टिक नव्हतं, असं सांगायला मला फार आवडलं असतं, बाळांनो. पण खोटं कशाला बोलू? होतं. सहलीला येणाऱ्या माणसांच्या बाटल्या तळ्यात पडून झिजल्या आणि त्यांचा डोळ्यांना न दिसणारा चुरा पाण्यात मिसळला.

यमू भेकरीला हे घुबडाने सांगितलं. तिचं पाडस, गुंडू, नुकतंच दूध सोडून पाणी प्यायला लागलं होतं. ती घाबरलीच.

"आता लेकराला पाजू तरी काय?"

"आपलं पाणी जड. डाळ शिजत नाही म्हणून कुरकुरता ना सगळ्याजणी? तेच पाणी उकळ," घुबड म्हणालं. "पांढरा साका धरतो, त्यात बराचसा चुरा अडकतो. मग निववून सुती फडक्याने गाळ. सगळा नाही जाणार, पण पुष्कळ जाईल."

यमूने मडकं चुलीवर चढवलं. जुन्या लुगड्याचं फडकं काढलं. गुंडू पोटभर पाणी प्यायला आणि तिच्या जिवात जीव आला.

गोष्ट इथेच संपायची. पण यमूने ती शेजारणीला सांगितली.

झालं! बातमी सिंहमहाराजांच्या कानी गेली. दुसऱ्याची चांगली कल्पना दिसली की महाराजांना राहवत नसे. त्यांनी यमूचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि कोल्होबा प्रधानांचं भाषण. शाल नायलॉनची होती, छान चकचकीत.

"यमूताई, ते कळकट फडकं आता तुम्हाला शोभत नाही," कोल्होबा म्हणाले. "यापुढे राज्यात पाणी सत्काराच्या शालीतूनच गाळलं जाईल."

"अहो, पण तिचेच धागे पाण्यात सुटतील!"

"सुटू द्या की. मानाचे धागे आहेत!"

मडकं आणि फडकं संग्रहालयात गेलं. जंगलभर 'यमूजल' निघालं. कशात भरून? प्लॅस्टिकच्या बाटलीत, आणखी कशात! घरोघरी पाणी उकळायला मात्र बंदी आली. घरीच उकळलं तर यमूजल कोण पिणार?

यमू संग्रहालयात धावली. "माझं फडकं तेवढं द्या हो. पोर तहानलंय."

"ताई, वस्तूंना हात लावू नका," पहाऱ्यावरचं अस्वल म्हणालं. "बाहेर यमूजल मिळतं. फार चांगलं असतं म्हणे."

यमूने रडतरडत बाटली उघडली. गुंडू घटाघटा प्यायला. मग बाटलीवरचं चित्र बघून खुदकन हसला.

"आई, यात तू किती छान दिसतेस गं!"

तात्पर्य: पाणी उकळावं, सुती फडक्याने गाळावं आणि दार लावून गुपचूप प्यावं. चांगलं काम उघडकीस आलं, तर सत्कार होतो.